आतली आणि दोनची गाडी

माझा चष्मा एकदा भलत्याच माणसाच्या नाकावर बसून दुकानाबाहेर गेला, आणि तो माणूस दुपारी दोन वाजता डोंगरावरची बस घेऊन निघणार होता. मला याचा पत्ताही नव्हता. मी घरी जुना चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत बसले होते. जिला पत्ता होता, तिची अनोळखी माणसाशी एक वाक्य बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. तिचीच ही गोष्ट. बरीचशी तिनंच मला सांगितली, थोडी मी नंतर चार जणांना विचारून पुरी करून घेतली. इतकी वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्यावर अर्धं उत्तर चालवून घेता येत नाही.

दुकानात तिला सगळे ‘आतली’ म्हणतात. पुढे काउंटर, आरसे आणि फ्रेमींची कपाटं. मधे निळा पडदा. पडद्यामागे लहानशी खोली, तिथं भिंगं घासायचं यंत्र, पाण्याची बादली, नंबर तपासायचं यंत्र आणि ती. काउंटरवर बसणारे भाऊ गिऱ्हाइकांना सांगतात, “आतलीकडे देतो, संध्याकाळी या.” सोळा वर्षं ती तिथं काम करते. गिऱ्हाइकांनी तिला कधी पाहिलेलं नाही. तिला मात्र ती सगळी पाठ आहेत, कुणाचं नाक रुंद, कुणाचा एक कान वर, कुणाच्या दोन बुबुळांत किती मिलिमीटरचं अंतर. चेहरा बघायची तिला गरजच पडत नाही.

पाचवीत ती माझ्या वर्गात होती. उभं राहून उत्तर द्यायला सांगितलं की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, ओठ हलायचे आणि आवाज फुटायचा नाही. वर्ग खुदुखुदु हसायचा. मला तिची दया आली. “तू आपली लिहून देत जा,” असं मी एक दिवस सांगून टाकलं, आणि वर्षभर ती लिहून देत राहिली. अक्षर असं की बघत राहावं. आपण हिच्यावर मोठे उपकार करतो आहोत अशी माझी समजूत होती.

न बोलता भागवणं मग तिच्या अंगवळणीच पडलं. नव्या चपला एक नंबर लहान निघाल्या, तर बदलून मागायला नकोत म्हणून तिनं त्या दोन वर्षं तशाच घातल्या. उतरायचा थांबा आला तरी कंडक्टरला सांगायला जीभ रेटायची नाही. मग पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत यायची. तिची वहिनी म्हणायची, “आमच्या वन्संना घराला आग लागलेली दिसली ना, तर त्या शेजाऱ्यांना चिठ्ठी लिहितील. आणि खाली ‘कळावे’ घालायला विसरणार नाहीत.”

त्या दिवशी तिच्याकडे दोन चष्मे होते. एक माझा, एक त्या ड्रायव्हरचा. दोन्ही फ्रेमी एकाच बनावटीच्या, काळ्या, जाड काडीच्या. फडक्यावर एका वेळी एकच चष्मा ठेवायचा, हा तिचा सोळा वर्षांचा नियम. पण ड्रायव्हरला घाई होती. आदल्या दिवशी त्याचा जुना चष्मा सीटखाली चेंगरला होता. भाऊ पडद्याआडून दोनदा “झालं का गं?” म्हणून ओरडले होते. तिनं दोन्ही चष्मे एकदमच पुसायला घेतले, तेवढ्यात यंत्राचं पाणी संपलं, ती बादली भरून आली, आणि मग दोन्ही चष्मे दोन डब्यांत घालून तिनं एक डबा पडद्याबाहेर दिला.

साडेबारा वाजले होते. बाहेर ड्रायव्हरनं चष्मा लावला. आतून तिला नुसता आवाज ऐकू येत होता.

“अक्षरं दिसतात हो भाऊ, पण जमीन वर आल्यासारखी वाटते. आणि ही तुमची पायरी उजवीकडे कललेली आहे का?”

“पायरी सरळ आहे. नवीन नंबर आहे तुमचा. दोन दिवस द्या, सवय होईल.”

“दोन दिवस कुठले? दोनची गाडी काढायचीय मला, डोंगरावरची.”

“मग तर काय, वळणं घेता घेता सवय होईल!”

दोघं हसले. आतलीचा हात यंत्रावर थबकला. ड्रायव्हरचा नंबर साधा होता, दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखा. त्या नंबरात जमीन कलायचं काही कारण नव्हतं. पडदा सरकवून ‘जरा दाखवा बघू’ एवढंच म्हणायचं होतं. तिनं ते वाक्य मनातल्या मनात जुळवलं. मग त्यातलं ‘बघू’ उद्धट वाटेल म्हणून काढून टाकलं आणि पुन्हा जुळवलं. तोवर दाराची घंटी वाजली आणि ड्रायव्हर निघून गेला.

एक वाजता भाऊ शटर अर्धं खाली ओढून जेवायला घरी गेले. मालक माल आणायला परगावी गेले होते. तिनं जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. उरलेला चष्मा तिनं नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला.

माझ्या उजव्या डोळ्याला तिरका नंबर आहे. यंत्राखालच्या भिंगात तो नव्हता. दोन्ही भिंगं साधी, सारखी. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा धरला. यंत्र तेच सांगत होतं. माझा चष्मा ड्रायव्हरच्या नाकावर होता आणि त्याचा तिच्या हातात. एक वाजून पाच मिनिटं.

तिनं आधी भाऊंना फोन लावला. भाऊ ओळखीचे, त्यांच्याशी तिला बोलता येत असे.

“अगं, त्रास झाला की येईल तो परत,” भाऊ घास चावत म्हणाले. “तू जेवून घे.”

“ते ड्रायव्हर आहेत, भाऊ.”

“मग? रोजचा रस्ता आहे त्याचा. डोळे मिटूनसुद्धा नेईल.”

“तुम्ही त्यांना फोन करता का? ऑर्डरच्या चिठ्ठीवर नंबर आहे.”

“ताटावरून उठू का आता? तूच कर की. का चिठ्ठी पाठवतेस?” आणि ते हसले. फोन बंद झाला.

डोळे मिटूनसुद्धा नेईल. तिनं चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. तिकडून बाईचा आवाज आला.

“हॅलो? ... हॅलो, कोण बोलतंय? ... अहो, कोण आहे? डेपोतून का? ... काय झालंय त्यांना?”

आतलीनं फोन ठेवून दिला.

ती हात मांडीखाली दाबून बसून राहिली. ती काहीच बोलली नव्हती, तरी तिनं एका बाईच्या जिवाला घोर लावून ठेवला होता. ती बाई आता कुठल्यातरी खोलीत फोनकडे बघत बसली असेल. हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. तिनं पुन्हा नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“बोला ना हो! काय झालं?”

“काही नाही झालं,” आतली म्हणाली. “अजून काही नाही झालं.”

“अजून म्हणजे?”

“चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. त्यांच्याकडे दुसऱ्यांचा चष्मा गेलाय. माझ्या हातून गेलाय. त्यांना तो लावून गाडी चालवू देऊ नका.”

“मग मगाशी फोन का ठेवलात? अर्धा जीव गेला माझा! अहो, फोन घरीच असतो त्यांचा, ड्युटीवर नेत नाहीत. मी इथून पोचायची नाही, तासाभराची वाट आहे. तुम्ही स्टँडवर जाऊन गाठा. आणि नावानं विचारू नका, नावानं तिथं कुणाला कळायचं नाही. बिनहॉर्न म्हणून विचारा.”

“काय म्हणून?”

“बिनहॉर्न! हॉर्न वाजवत नाहीत म्हणून. लाजू नका हो, तिथं सगळे तसंच म्हणतात. पळा!”

एक वाजून वीस मिनिटं. चष्म्याचा डबा पिशवीत टाकून ती अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. अंगावर कामाचा एप्रन तसाच होता. कोपऱ्यावर तीन रिक्षा रिकाम्या उभ्या होत्या. रिक्षावाले गप्पा मारत होते. मधे बोलायचं, कुठं जायचं ते सांगायचं, ते काहीतरी विचारणार, त्याचं उत्तर द्यायचं. ती मान खाली घालून त्यांच्या पुढून चालत गेली, आणि पुढचा चौक ओलांडल्यावर पळायला लागली. रिक्षानं सात मिनिटांची वाट होती, तिला वीस लागली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिची मान तशीच खाली होती.

स्टँडवर पोचली तेव्हा एक चाळीस झाले होते. चौकशीच्या खिडकीपुढे नऊ माणसांची रांग. आता तुम्ही-आम्ही रांग मोडून पुढे घुसलो असतो. ती रांगेत उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिला हलताना दिसत होता. पुढचे आजोबा परतीच्या गाडीचं वेळापत्रक तीन-तीनदा विचारत होते. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती, ‘बिनहॉर्न कुठं भेटतील?’ असला शब्द भर गर्दीत तोंडातून काढायचा होता.

एक बेचाळीस. सेहेचाळीस. पन्नासला ती खिडकीशी आली.

“बोला,” आतला कारकून वर न बघता म्हणाला.

“बिन...”

“कुठं?”

“बिन...” आवाज तिथंच अडकला.

“असं गाव नाही बाई आपल्या मार्गावर. पुढचे या.”

मागच्या माणसानं तिला कोपरानं हलकेच बाजूला सारलं. “ठरवून या ना, ताई. लोकांच्या गाड्या सुटतायत.”

ती खांबाशी जाऊन उभी राहिली. एक एक्कावन्न. आता परत फिरावं, दुकानात जाऊन पडदा ओढून बसावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. भाऊ म्हणतात तसं काही होणारही नाही कदाचित. तिनं हे माझ्यापासून लपवलं नाही. मग तिच्या डोळ्यांपुढे ते भिंग आलं, माझं उजवं. त्यातून वळणाची कड कशी दिसेल ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सरळ रस्ता उजवीकडे उतरलेला दिसला की माणूस गाडी डावीकडे घेतो. डोंगरावर डावीकडे काय असतं?

चहाच्या टपरीशी तीन कंडक्टर उभे होते. तिनं त्यांचे चेहरे पाहिले नाहीत. तिची नजर सवयीनं एकाच्या चष्म्यावर गेली. डावी काडी निखळलेली होती आणि काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती. दोरा सैल झाला होता. मान खाली केली की चष्मा चहात पडणार होता. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“चष्म्याला दोरा बांधलाय तुम्ही.”

कंडक्टरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हो. का? तुम्हाला हवाय?”

बाकीचे दोघं हसले. तिचे कान तापले, पण जीभ सुटली होती. चष्म्याबद्दल बोलताना ती अडखळत नसे.

“काडीचा स्क्रू गेलाय. दोरा टिकायचा नाही. चौकातल्या दुकानात या, मी बसवून देते. आत्ता मला बिनहॉर्न पाहिजेत.”

“आम्हाला पण पाहिजेत असे!” दुसरा म्हणाला. “सगळेच बिनहॉर्न निघाले असते तर कान वाचले असते आमचे.”

“थट्टा नाही करत. त्यांनी लावलेला चष्मा त्यांचा नाही. दोनची गाडी काढायच्या आत मला ते भेटले पाहिजेत.”

दोरेवाल्या कंडक्टरनं कप खाली ठेवला. “सात नंबरला लागते ती गाडी. पण आता तिथं जाऊ नका, तो दोनला पाच कमी असतानाच हलतो. गेटवर गाठा. त्या बाजूनं, वर्कशॉपच्या मागून. पळा, मी मागून येतो.”

ती पळाली. वर्कशॉपच्या मागे टायरांचा ढीग होता, तेलाचे डाग होते, एकदा तिचा पाय सरकला. गेट दिसलं तेव्हा लाल बस वळून गेटकडेच येत होती. काचेमागे काळी जाड फ्रेम तिला लांबूनच ओळखू आली. माझी फ्रेम.

“थांबा!” ती ओरडली. इंजिनाच्या घरघरीत तो आवाज तिचा तिलाही ऐकू गेला नाही. तिनं हात हलवले. निरोप द्यायला आलेली माणसंही हात हलवत होती.

मग ती गेटच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

बस येत राहिली. हॉर्न वाजला नाही, त्याचा तो वाजत नसेच. बस मोठी होत गेली, आणि जिथं थांबायला हवी होती तिथं थांबली नाही. ब्रेक लागले. बसमधली माणसं ओरडली. आतलीनं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले. हाताला गरम पत्रा लागला.

“ओ बाई!” खिडकीतून ड्रायव्हर गरजला. “मरायचंय का? आणि माझीच गाडी मिळाली का त्याला?”

मागच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. “काय झालं?” “गाडी चुकली असेल त्यांची.” “अहो मग चढा ना दारानं, पुढून काय चढताय!”

चाळीस अनोळखी माणसं तिच्याकडे बघत होती. पत्र्यावरचा हात तिनं काढला नाही.

“मी किती लांब दिसत होते तुम्हाला?” तिनं विचारलं.

“काय?”

“ब्रेक दाबलात तेव्हा गाडी कुठं थांबेल असं वाटलं तुम्हाला? मी किती लांब होते?”

“असाल दोन-तीन हात. ही काय परीक्षा आहे का?”

“खाली उतरून बघा.”

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो उतरला. पुढे येऊन त्यानं पाहिलं. तिची पिशवी बंपर आणि तिच्या पोटाच्या मधे दाबली गेली होती. आत बोट घालायलाही जागा नव्हती. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“जमीन वर आलेली दिसते ना? उजवीकडे कललेली?”

“तुमचे भाऊ म्हणाले, दोन दिवस लागतात.”

“लागतात. स्वतःच्या चष्म्याला. हा तुमचा नाही. तुमच्या घरीही फोन केला होता मी.”

तिनं पिशवीतून डबा काढला. दाबानं त्याला चीर गेली होती, चष्मा शाबूत होता. त्यानं माझा चष्मा उतरवून तिच्या हातात दिला आणि स्वतःचा लावला. आधी बंपरकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग गेटच्या दोन्ही खांबांकडे. मोठा श्वास घेतला.

“बसली जागेवर जमीन,” तो म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही होतात का दुकानात, मी बोललो तेव्हा?”

“होते. पडद्यामागे.”

“ऐकलंत?”

“सगळं.”

“मग तिथंच का नाही बोललात, ताई?”

तोवर दोरेवाला कंडक्टर धापा टाकत येऊन पोचला होता. खिडक्यांतल्या माना तशाच होत्या.

“मला परक्या माणसांशी बोलायला जमत नाही,” आतली म्हणाली.

खिडकीतून कुणीतरी खो खो हसलं. ड्रायव्हर हसला नाही. तो वर चढला, सीटवर बसला आणि वाकून म्हणाला, “घरी फोन करा तिला. घाबरली असेल. माझ्या आधी तुम्हीच सांगा.” बस गेटमधून बाहेर पडली, नेहमीसारखी, मुकाट. दोन वाजून तीन मिनिटं झाली होती.

परत येताना ती रिक्षानं आली.

मी चार वाजता दुकानात गेले. भाऊंनी माझा चष्मा पुढे केला आणि म्हणाले, “नवीन आहे, दोन दिवस द्या, सवय...”

“थांबा, भाऊ.” पडदा सरकला. एप्रनवर तेलाचा डाग पडलेली, पस्तिशीची एक बाई बाहेर आली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या. त्यावरून मी तिला ओळखलं. आवाजावरून ओळखायची सोय मीच ठेवली नव्हती. सोळा वर्षं मी त्या दुकानात जात होते आणि ती चार पावलांवर होती.

“बाई, चष्मा लावा आणि दाराबाहेरच्या तीन पायऱ्या उतरून दाखवा. कठड्याला धरू नका.”

मी उतरले, चढले. पायऱ्या जागच्या जागी होत्या. मग मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले आणि तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रिक्षा आणि रांगसुद्धा. भाऊ मधेच उठून दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांना रस्त्यात बघण्यासारखं काही होतं असं नाही.

“मी तुला लिहून द्यायला सांगायचे,” मी म्हणाले. “पाचवीत.”

“हो. किती बरं वाटायचं मला तेव्हा,” ती म्हणाली. ती ते माझ्या समाधानासाठी बोलली असणार. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आठवड्यानं मी नाकाचे पॅड बदलून घ्यायला गेले होते, तेव्हा एक कंडक्टर दुकानात शिरला. चष्म्याच्या काडीला काळा दोरा.

“स्क्रू बसवायचाय ना?” भाऊ म्हणाले. “द्या इकडे, आतलीकडे देतो. संध्याकाळी या.”

“देऊ नका. त्यांना बाहेर बोलवा,” कंडक्टर म्हणाला. “हाक त्यांनी मारली होती मला.”

पडदा लगेच हलला नाही. आत यंत्र बंद झाल्याचा आवाज आला. वाक्य जुळवत असेल. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी माझ्याकडे. मग ती हात पुसत बाहेर आली, कान लाल, नजर कंडक्टरच्या डाव्या काडीवर.

“आधी तो दोरा काढा,” ती म्हणाली.